आठ फुटी अस्सल बेसूर

उत्तर इंग्लंडमधल्या एखाद्या गावातली रविवारची सकाळ. कुंपणापलीकडची शेजारीण झाडांना पाणी घालता घालता थांबते आणि काळजीच्या सुरात विचारते, “तुमच्याकडे वासरू आणलंय का हो? बरं नाहीये का त्याला?”

गॅरेजमधून डोकं बाहेर काढणाऱ्या गृहस्थांनी यावर खजील व्हावं, अशी सर्वसाधारण अपेक्षा. पण त्यांचा चेहरा उजळतो. “वासरू म्हणालात ना? नक्की वासरूच वाटलं? अहो, चार्ल्स बर्नी अगदी हेच म्हणाले होते!”

बर्नी म्हणजे गुरांचे डॉक्टर असावेत असं समजून शेजारीण घरात जाते.

वास्तविक चार्ल्स बर्नी हे अठराव्या शतकातले नामांकित इंग्लिश संगीत-इतिहासकार. युरोपभर हिंडून त्यांनी ठिकठिकाणचं संगीत ऐकलं, त्यावर पुस्तकं लिहिली, आणि सर्पंट नावाच्या वाद्याचं वर्णन करायची वेळ आली तेव्हा त्यांना एसेक्स परगण्यातलं मोठं, भुकेलेलं, किंबहुना चिडलेलं वासरू आठवलं. ही नोंद १७७० च्या दशकातली. अडीचशे वर्षांनी एका निवृत्त माणसाच्या गॅरेजात तेच वासरू जसंच्या तसं हंबरलं, तर याहून अचूक प्रतिकृती ती कोणती?

सर्पंट म्हणजे नावाप्रमाणे साप. साधारण आठ फूट लांबीची लाकडी नळी. सुरुवातीला जेमतेम बोट जाईल एवढी, पुढे सतत फुगत शेवटी चांगली चार इंच रुंद, आणि माणसाचे हात पोचावेत म्हणून नागमोडी वळवलेली. वरून काळं चामडं. वरच्या टोकाला पितळेची वाकडी नळी आणि तिच्यावर हस्तिदंताचा, शिंगाचा किंवा हाडाचा छोटा पेला. त्या पेल्यात ओठ थरथरवायचे, म्हणजे वाजवण्याची तऱ्हा ट्रम्पेटची. पण अंग लाकडाचं आणि वर बासरीसारखी सहा भोकं. हे लेकरू नक्की कोणत्या घरातलं, हे वाद्यवृंदातल्या कुणालाच ठरवता येईना. पितळवाले त्याला लाकूडवाल्यांकडे ढकलत आणि लाकूडवाले पितळवाल्यांकडे.

हे वाद्य १५९० च्या सुमारास फ्रान्समधल्या ऑक्सेर गावच्या एदमे गियोम नावाच्या धर्मगुरूंनी काढलं, असं सांगतात. सांगणारे म्हणजे आबे लबफ हे इतिहासकार, आणि त्यांनी ते सांगितलं १७४३ साली. म्हणजे साक्षीदारांपैकी कुणी ‘असं नव्हतं बरं का’ म्हणायला उरला नसताना. काही अभ्यासक त्याचा उगम इटलीत शोधतात. काम मात्र पक्कं ठरलेलं होतं. चर्चमध्ये पुरुषांचं खर्जातलं गायन चाले, त्याला खालून आधार द्यायचा. फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांनी १६३६ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं आहे की, पोरसवदा मुलाने वाजवलं तरी हे वाद्य वीस दणकट आवाजाच्या साधूंना पुरून उरतं. साधूंचं मत त्यांनी नोंदवलेलं नाही.

आता ते गॅरेजवाले गृहस्थ. ही कुणी एक व्यक्ती नव्हे. ब्रिटनमध्ये, फ्रान्समध्ये, अमेरिकेत तळघरात आणि बागेतल्या लाकडी खोलीत बसून स्वतःचा सर्पंट स्वतः घडवणारे हौशी लोक आहेत, त्या सगळ्यांना एकत्र कालवून काढलेला हा एक नमुना. नमुन्याला पेन्शन आहे, बायको आहे, कुत्रा आहे आणि मोकळा वेळ तर इतका आहे की घरच्यांनीच त्याचा धसका घेतला आहे. सर्पंट विकतही मिळतो. उत्तम कारागीर आजही तो करतात. पण विकत घ्यायचा तर किंमत बायकोला सांगावी लागते. घरी केला तर लाकूड, सरस, चामडं, पितळ असा खर्च पाच-सहा पावत्यांत विखुरतो आणि एकूण बेरीज कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही.

जुनी फ्रेंच पद्धत कागदावर तरी फार सोपी आहे. अक्रोडाच्या दोन लाकडांत साप अर्धा अर्धा कोरायचा, आतून पोखरायचा, दोन्ही अर्धे सरसाने जोडायचे आणि वरून चामडं चढवायचं. गृहस्थांनी पुठ्ठ्याचा साचा कापला. तो एका लाकडावर ठेवून पेन्सिल फिरवली, मग दुसऱ्यावर ठेवून फिरवली. हिवाळाभर पटाशी आणि कानस चालली. पोकळी आतून गुळगुळीत हवी म्हणून काठीला पॉलिश पेपर गुंडाळून घासाघीस झाली. केकमध्ये, सॉक्समध्ये आणि कुत्र्याच्या कानात अक्रोडाचा भुसा सापडू लागला. अखेर सरस गरम झाला, शिकंजे मांडले गेले, बायकोला साक्षीला बोलावलं गेलं आणि दोन्ही अर्धे समोरासमोर आणले गेले. तेव्हा एकाचं पहिलं वळण डावीकडे होतं आणि दुसऱ्याचं उजवीकडे.

दुसऱ्या लाकडावर साचा उलटा करून ठेवायचा असतो. नाही ठेवला तर दोन्ही अर्धे एकाच बाजूचे होतात आणि जन्मात एकमेकांना मिठी मारू शकत नाहीत.

“म्हणजे दोन्ही पायांत डावाच बूट,” बायको म्हणाली.

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सोळाव्या शतकातही असं झालं असणारच. हाच तर अभ्यास.”

पुढच्या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली या वाक्यात आहे. प्रतिकृती करणाऱ्याची चूक ही चूक नसते, तो प्रयोग असतो. सुताराकडून टेबलाचा एक पाय आखूड झाला तर गिऱ्हाईक पैसे कापतं. सर्पंटवाल्याकडून काही आखूड झालं तर तो त्यावर टिपण लिहितो.

तिसरं लाकूड कोरून होईपर्यंत ओठांचा सराव थांबू नये म्हणून गृहस्थ नळसामानाच्या दुकानात गेले. पीव्हीसी पाइपचे तुकडे, कोपऱ्याचे जोड आणि लहान नळीतून मोठीत जाण्याचे जोड घेतले तर काम चालेल, असा हिशेब.

“बाथरूमसाठी की स्वयंपाकघरासाठी?” दुकानदाराने विचारलं.

“चर्चसाठी.”

दुकानदाराने आदराने मान डोलावली. “गळती कुठे आहे?”

“गळती नकोच आहे. फुंकल्यावर सगळी हवा शेवटच्या टोकातून आली पाहिजे.”

दुकानदाराने जोड मोजून दिले आणि गिऱ्हाईक गेल्यावर दारावरची पाटी उलटवून चहाला गेला. पाइपचा सर्पंट वाजला, हे मान्य करायला हवं. नळी पुरेशी लांब असली आणि ओठ थरथरले की काही ना काही वाजतंच. भौतिकशास्त्राला माणसाच्या लायकीशी देणंघेणं नसतं. पण खरी गंमत नळीच्या हळूहळू फुगत जाण्यात आहे आणि पाइप फुगतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. त्यामुळे काही सूर दोन पायऱ्यांच्या मध्ये पडून तिथेच राहिले.

मग भोकं. तीन आणि तीन असे दोन गट, प्रत्येक हाताला एक. आठ फुटी नळीला ध्वनिशास्त्राच्या नियमाने भोकं पाडायची तर ती इतकी लांब लांब आणि एवढी मोठी पाडावी लागतील की वाजवायला चौघे लागतील. जुन्या कारागिरांनी हा प्रश्न फार माणुसकीने सोडवला. बोटं जिथे पोचतात तिथे, आणि बोटाने झाकली जातील एवढीच भोकं पाडून ते मोकळे झाले. उरलेली जबाबदारी त्यांनी वाजवणाऱ्याच्या ओठांवर टाकली. परिणामी सर्पंटवर बोटांचा उपयोग सल्लागार समितीसारखा. बोटं एक स्वर सुचवतात, ओठ त्यांना वाटेल तो करतात. ओठ थोडे सैल-घट्ट केले की तीच बोटं तशीच ठेवून शेजारपाजारचे दोन-तीन स्वर सहज निघतात. न मागताही निघतात. जुन्या शिकवणीच्या पुस्तकांत बोटं कशी ठेवावीत याचे तक्ते दिलेले असतात आणि दोन पुस्तकांतले तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. गृहस्थांनी तिसरं पुस्तक मिळवलं. ते पहिल्या दोघांशीही जुळत नव्हतं. “यावरून एक निष्कर्ष निघतो,” ते रात्री जेवताना म्हणाले, “की मी चुकू शकत नाही.”

चामडं चढवायच्या आधी हवा कुठून निसटते ते पाहावं लागतं. त्याची तऱ्हा अशी: भोकांवर चिकटपट्टी लावायची, रुंद तोंड एखाद्या सपाट वस्तूने घट्ट बंद करायचं, लहान तोंडातून हवा ओढून घ्यायची आणि लगेच तिथे जीभ टेकवायची. जीभ थोडा वेळ धरून ठेवली गेली तर वाद्य हवाबंद. गृहस्थांनी रुंद तोंडावर बशी दाबली, हवा ओढली, जीभ टेकवली, आणि त्याच क्षणी वीजमीटर बघायला आलेला माणूस गॅरेजच्या दारात उभा राहिला. आठ फुटी लाकडी सापाच्या तोंडाला जीभ लावून बसलेला इसम त्याने पाहिला. मीटरचा आकडा त्याने त्या दिवशी अंदाजाने लिहिला असावा. बिल तरी तसंच आलं.

जोड अर्थातच फुसफुसत होता. “सापच आहे तो,” गृहस्थ म्हणाले. “फुसकारणारच.” तरीही मेण चोळलं, कापडाच्या पट्ट्या सरसात बुडवून गुंडाळल्या आणि त्यावर ओलं चामडं ताणून शिवलं. चामडं वाळताना आवळतं. शिवण जिथे आतल्या वळणावर यायला हवी होती तिथून ती हळूहळू सरकत बाहेरच्या वळणावर आली आणि सापाच्या अंगावर अपेंडिक्सच्या ऑपरेशनची खूण असल्यासारखं दिसू लागलं. कुत्र्याला मात्र त्या अवस्थेतला सर्पंट फार आवडला. त्याच्या दृष्टीने घरात प्रथमच कुणीतरी योग्य मापाची चघळायची वस्तू आणली होती. पुढे तिच्यातून पहिला आवाज निघाला तेव्हापासून तो त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

पहिला आवाज. आठ फुटी नळीचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सुमारे ६५ कंपनांचा असतो. कानापेक्षा तो कपाटाला आधी कळतो. वरच्या मजल्यावर बायकोच्या ठेवणीतल्या काचसामानाने एकमुखाने प्रतिसाद दिला.

“काय झालं?” ती जिन्यावरून ओरडली.

“वाजला!”

“ते कळलं. फुटलं काय?”

इथून गृहस्थांच्या आयुष्यातला सुखाचा काळ सुरू झाला. कुणी व्हायोलिन शिकू लागला तर त्याचं बेसूर वाजवणं शेजारच्या पोरालाही कळतं, कारण सुरेल व्हायोलिन पोराने ऐकलेलं असतं. सर्पंट ऐकलेला माणूस गावात कुठून असणार? बरं, ज्यांनी ऐकला त्या थोर मंडळींचं काय मत होतं ते पाहावं, तर ते शिष्याच्या पथ्यावरच पडतं. हेक्टर बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने वाद्यवृंदावरच्या आपल्या १८४० च्या दशकातल्या ग्रंथात असा शेरा मारला की हा रानटी आवाज चर्चमधल्या प्रार्थनेपेक्षा प्राचीन ड्रुइड पुरोहितांच्या रक्तरंजित विधींना शोभला असता. विशेष म्हणजे त्याच बर्लिओझने १८३० च्या आपल्या ‘सिंफनी फांतास्तिक’मध्ये हे वाद्य घातलं होतं, तेही जिथे चेटकिणी जमतात त्या भागात. संगीतकार हँडलची तर आख्यायिकाच आहे. लंडनला आल्यावर हा आवाज ऐकून त्याने चौकशी केली, वाद्याचं नाव सर्पंट असल्याचं कळलं, तेव्हा तो म्हणे म्हणाला की ईव्हला भुलवणारा साप हा नक्कीच नसणार. पुढे १७४९ च्या आतषबाजीच्या संगीतात त्याने सर्पंट आधी लिहिला आणि मग खोडला. हस्तलिखितात ते खोडलेलं अजून दिसतं.

गृहस्थांनी या सगळ्या शेऱ्यांचे कागद फ्रेम करून गॅरेजात लावले. वाईट वाजलं की ते त्यांच्याकडे बोट दाखवत. जितकं वाईट, तितकं अस्सल. आणि कधी चुकून एखादा सूर गोड लागला, तर कपाळाला आठी घालून म्हणत, “हे जरा आधुनिक वाटतंय.”

घरच्यांचं प्रबोधनही चालू होतं. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’ सिनेमाच्या पार्श्वसंगीतात जेरी गोल्डस्मिथ यांनी सर्पंट वापरला आहे. नातवंडं आली की गृहस्थ तो सिनेमा लावत आणि ऐन भीतीच्या क्षणी तो थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावत. “राक्षसाकडे बघू नका रे. खाली काय वाजतंय ते ऐका.” त्याआधी १९५९ च्या ‘जर्नी टु द सेंटर ऑफ द अर्थ’मध्ये बर्नार्ड हर्मन यांनी तो पृथ्वीच्या पोटातल्या सरड्यासाठी वाजवून घेतला होता. थोडक्यात, हॉलिवूडला हे वाद्य आठवतं ते कुणालातरी खायला निघालेलं असताना. मुलीने पुढच्या वेळी नातवंडांना आणलं नाही. “त्यांना झोप लागत नाही, बाबा,” ती फोनवर म्हणाली. “सिनेमामुळे?” “नाही. तुम्ही नंतर वाजवून दाखवलंत त्यामुळे.”

अस्सलपणाचा पुढचा टप्पा म्हणजे चर्च. पूर्वी इंग्लंडमधल्या खेडोपाडी चर्चच्या सज्जात गावकऱ्यांचं वादकमंडळ बसे आणि त्यात सर्पंट असे. थॉमस हार्डी यांच्या १८७२ सालच्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीतले म्हातारे वादक त्याच्या आठवणीने हळहळतात. गृहस्थांनी ते पान उघडून धर्मगुरूंच्या हातात दिलं. धर्मगुरू भला माणूस. पान वाचून ते म्हणाले, “फक्त एक गीत.”

मर्सेनच्या हिशेबाने एका सर्पंटला वीस साधू लागतात. या गावच्या गायनमंडळात मोजून पाच बायका, एक निवृत्त पोस्टमन आणि खोकला झालेला एक तरुण होता. दुसऱ्या ओळीला गायनमंडळ एका सुरात आणि सर्पंट दुसऱ्या सुरात होता. तिसऱ्या ओळीला लोकमताच्या दबावाने गायनमंडळच सर्पंटकडे सरकलं. पोस्टमन शेवटपर्यंत लढला. गीत संपलं तेव्हा ते जिथे सुरू झालं त्याच्या बरंच खाली संपलं, आणि मागच्या बाकावरची एक आजी शेजारणीला म्हणाली, “ऑर्गन दुरुस्त करायचा निधी कुठे द्यायचा असतो गं?” निधीत त्या दिवशी चांगली भर पडली. धर्मगुरूंनी गृहस्थांचे मनापासून आभार मानले आणि पुढच्या वर्षी निधी कमी पडला तर नक्की बोलावतो म्हणाले.

इथवर सगळं ठीक होतं. संकट आलं ते एका खऱ्या वादकाच्या रूपाने.

सर्पंट वाजवू शकणारी माणसं जगात आहेत, ही गोष्ट हौशी मंडळी सोयीस्कर विसरतात. इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर मंक यांनी विसाव्या शतकात हे वाद्य अक्षरशः अडगळीतून उचलून आणलं, स्वतःच्या हाताने ते बनवलं, आणि १९७६ साली ‘लंडन सर्पंट ट्रिओ’ नावाने तिघांचं पथक उभं केलं. बॉस्टन सिंफनीत २०१२ पर्यंत बास ट्रॉम्बोन वाजवणारे डग्लस यो सर्पंटही वाजवतात. फ्रान्सचे मिशेल गोदार तर त्यावर जॅझ वाजवतात, आणि ऐकणाऱ्याला वासरू बिसरू काही आठवत नाही. मऊ, किंचित धुरकट, माणसाच्या गळ्याच्या अगदी जवळ जाणारा तो आवाज असतो. चर्चने दोन-अडीचशे वर्षं तो उगाच नाही सांभाळला.

असाच एक जाणता वादक, नाव कशाला घ्या, कुणाच्या तरी ओळखीने गॅरेजात आला. गृहस्थांनी त्याला दोन डावे अर्धे दाखवले, सरकलेली शिवण दाखवली, भिंतीवरची बर्लिओझची फ्रेम दाखवली. “मूळ वाद्यातले सगळे दोष यात आले आहेत,” ते विनयाने म्हणाले. “एकही सूर जागेवर लागत नाही. बघा वाजवून.”

पाहुण्याने साप मांडीशी घेतला, ओठ पुसले आणि वाजवला.

एक साधी सुरावट खालून वर गेली, वरून खाली आली. प्रत्येक सूर जागेवर. बायको हातातलं काम टाकून दारात आली. कुत्राही आला, आणि गॅरेजच्या उंबऱ्यावर बसून राहिला.

“वाद्य छान जमलंय तुमचं,” पाहुणा म्हणाला. “खरंच. काही दोष नाही यात.”

एखाद्याच्या पायाखालची सतरंजी ओढावी पण किती! इतक्या वर्षांचा आधार त्या माणसाने एका वाक्यात काढून घेतला. भोकं निर्दोष, जोड निर्दोष, चामडं निर्दोष. मग संशयित म्हणून उरलं कोण? बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने फ्रेमकडे पाहिलं. गॅरेजात फार अवघडलेली शांतता पसरली. पण चाळीस वर्षं सरकारी खात्यात काढलेला माणूस इतक्या सहज जबाबदारी अंगावर घेत नसतो.

“तुम्ही वाजवता उत्तम,” ते अखेर पाहुण्याला म्हणाले. “पण तुमचे ओठ फार आधुनिक आहेत.”

पाहुणा हसला, चहा प्यायला आणि जाता जाता नको ते सांगून गेला. ‘अनाकोंडा’ पाहिलात का, त्याने विचारलं. १८४० च्या सुमारास हडर्सफील्डकडच्या जोसेफ आणि रिचर्ड वुड या दोन भावांनी सर्पंटची दुप्पट आवृत्ती बनवली, आणि रिचर्ड ती वाजवतही असे. लाकडी साप, सोळा फुटांच्या घरातला, आवाज सर्पंटपेक्षाही अख्खं सप्तक खाली. सर्पंटच्या जागी येणाऱ्या ट्यूबा या पितळी वाद्याचं पेटंट बर्लिनमध्ये १८३५ सालीच निघालं होतं, म्हणजे सर्पंटची सद्दी संपत आली असताना या भावांनी तो दुपटीने मोठा केला. आज तो अनाकोंडा एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

पुढच्याच आठवड्यात गृहस्थ एडिंबराला जाऊन आले. येताना नळसामानाच्या दुकानात थांबले.

“परत चर्चच का?” दुकानदाराने विचारलं.

“या वेळी मागच्या दुप्पट द्या.”

घरी पोचले तेव्हा मोटारीच्या टपावर पाइप बांधलेले होते आणि खिशात पुठ्ठ्याच्या नव्या साच्याचं रेखाटन होतं. त्यावर लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘दुसऱ्यांदा उलटा ठेवणे.’ बायको दारातच उभी होती. तिने टपावरचे पाइप पाहिले, रेखाटन हातात घेऊन नीट वाचलं आणि आतून मोजपट्टी आणून नवऱ्याच्या हातात दिली.

“गॅरेजचं दार मोज आधी,” ती म्हणाली. “आत गेला तरी हरकत नाही. बाहेर येता कामा नये.”